लवूनं सरळ केलेले पंप

गिरणीचा संप कुणी जिंकला नाही की कुणी मागे घेतला नाही. तो नुसता विरत गेला. त्या विरण्यात लालबागचा लवू गिरणीच्या सूत कातायच्या रिंगखात्यातून थेट शिवडीच्या औषध कारखान्यात येऊन पडला. तिथं दम्याचे पंप बनत. गंमत अशी, की गिरणीतल्या कापसानं लवूची स्वतःचीच छाती धरलेली. पण दमेकरी कामगार ठेवायला दम्याच्या कारखान्याला लाज वाटे, म्हणून खोकला आला की तो संडासात जाऊन खोकून येई. ही नोकरी गेली तर बायकोनं, शेवंतानं चूल कशावर पेटवायची, हा घोर त्याला सतत असे.

कारखान्यातली एक खोली त्याच्या ताब्यात होती, मुद्दाम गरम आणि दमट ठेवलेली. तिथं महिनोन्‌महिने टिकेल तो पंप बाजारातही टिकेल, असा हिशेब. खात्यातल्या उकाड्यात जन्म गेलेल्या लवूला ती घरच्यासारखी वाटे. एकच गोष्ट खटके. तपासणीच्या ललिता मॅडम निम्मे पंप सरळ मांडायला लावत आणि निम्मे उपडे. भरलं भांडं उपडं घालणं म्हणजे घरची लक्ष्मी ओतून देणं, हे त्याच्या गावात शेंबडं पोरही जाणे. पण शिकलेल्यांना सांगणार कोण? मॅडमची पाठ वळली की लवू सगळे पंप सरळ करी. त्या पंपांचं वजन करायला यायच्या दिवशी, त्यांचा मान राखायला, पुन्हा उपडे.

वजन तसूभर घटलं नाही. माल पास होऊन बाजारात गेला आणि मॅडमना बढती मिळाली.

पुढे पाहुण्यांना खोली दाखवताना मॅडम म्हणाल्या, "उपडे ठेवले की व्हॉल्व्ह गळतो का ते कळतं. लोकांच्या खिशात पंप काय सरळ राहतो?"

म्हणजे गळतीची परीक्षा झालीच नव्हती, हे लवूला तेव्हा कळलं. कुणीतरी कुठल्यातरी जिन्यात रिकामा पंप दाबत बसलंय, असं त्याला जेवतानाही दिसू लागलं. शेवटी तो मॅडमसमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, ते उपडे पंप मी सरळ करायचो. मला काढा पायजे तर, पण माल परत बोलवा."

मॅडमनी उठून दार लोटून घेतलं. मग त्यांनी खणातून त्याच मालातला एक पंप काढून पुढे सरकवला.

"तुम्ही संडासात जाऊन खोकता ते मला ठाऊक आहे, लवूभाऊ. मी कुठं बोलले नाही. तुम्हीही बोलू नका."

लवूनं पंप खिशात घातला. संध्याकाळी चाळीचा जिना चढून तो वरच्या पायरीवर टेकला, पंप तोंडात धरून दाबला. नुसतं कट्ट. पुन्हा कट्ट. श्वास मिळेना, तरी त्याला बरं वाटलं: चला, एक तरी दुसऱ्या कुणाच्या हाती जायचा वाचला. बाकीच्यांचं काय ते धाप ओसरली की बघू, असं त्यानं ठरवलं.