टेंपररी ड्राइव्हवाला

काम झालं, की तो दोन्ही तळहात वर करून दाखवायचा. "गेलं, वहिनी. आता माझ्याकडे काही नाही."

आता तुम्हीच सांगा, ज्याने काही घेतलेलंच नाही तो माणूस हात कशाला दाखवेल? मला तो पहिल्यापासून खटकायचा.

परळला आमच्या चाळीच्या तोंडाशी त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान. अख्ख्या चाळीचे कागद त्याच्या हाताखालून जायचे. आणि गिऱ्हाईक उठलं, की हा कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायचा. एकदा मी तोंडावर विचारलं, "एवढं काय लपवता हो?"

"लपवत नाही. मेमरीचाच एक तुकडा वेगळा काढून त्याची ड्राइव्ह केलीय. लोकांचं काम त्यावर करतो. फास्ट चालतं, आणि कॉम्प्युटर बंद केला की सगळं साफ. टेंपररी."

"पण साफ कशाला करायचं?"

"आधी दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. तिथे एका पोरीचे फोटो आत राहिले, ते भलत्याच्या हाती लागले." एवढंच बोलून तो पानं जुळवायला लागला. मला वाटलं, छान गोष्ट रचलीय मेल्याने.

त्यात चाळीचं रिडेव्हलपमेंट निघालं. कुठल्या घरात भावाभावांचं पटत नाही, सही द्यायला कोण कच्चा आहे, हे बिल्डरच्या माणसाला आमच्याआधी कळायला लागलं. चाळीचा संशय दुसऱ्या कोणावर जाणार? माझा तर आधीच गेला होता.

तरी एक दिवस मलाच त्याच्याकडे जावं लागलं. माझी लेक नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. महिनाभर खोलीबाहेर पडली नव्हती. चाळीत मी 'बरं नाही तिला' म्हणून ठोकून दिलं होतं. घटस्फोटासाठी वकिलाने सगळी हकीकत टाइप करून मागितली, तीही लगेच. मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते, तो खाली मान घालून टाइप करत होता. दोनेक पानं झाली असतील.

तेवढ्यात चाळ कमिटीचे अध्यक्ष माणसं घेऊन आत घुसले. "बाजूला हो. आत कोणाकोणाचं काय आहे ते आज बघणारच आम्ही."

स्क्रीनवर माझ्या लेकीचं नाव! मी पदर पुढे करून तो झाकायला गेले. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि सरळ बटण बंद केलं.

"बघितलंत? पुरावा पुसला!" अध्यक्ष ओरडले. "उद्यापासून हे दुकान बंद."

तो खाली मान घालून पानं जुळवायला लागला. पण मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. "पुरावा कसला डोंबलाचा! माझ्या पोरीच्या घटस्फोटाचा कागद होता तो. नवरा मारतो तिला. झालं समाधान?"

अध्यक्ष दारापर्यंत मागे सरकले. आणि हा शहाणा कपाळावर हात मारून म्हणतो, "अहो वहिनी, मग मी पुसलं कशाला?"

मला हसूही आलं आणि रडूही. इतकी वर्षं ज्याच्यावर नजर ठेवली, तो माझ्या पोरीसाठी पोटावर पाय यायची वेळ आली तरी ब्र काढत नव्हता.

आता चाळ पाडली, दुकान गेलं, तो कुठे गेला ते कोणाला माहीत नाही. बिल्डरला बातम्या कोण पुरवत होतं तेही कळलं नाही. माझा संशय अजून आहे, फक्त आता तो कमिटीवर आहे.

त्या दिवशी मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला हवं होतं, आणि माझा आवाजच फुटेना. आरडाओरडा ऐकून लेक खाली उतरली. गर्दीतून वाट काढत आली, मला उठवून माझ्या जागी बसली आणि नवऱ्याचं नाव घेऊन सांगायला लागली. अध्यक्ष अजून दारातच होते.

त्याने उठून शटर अर्ध्यावर ओढलं. "हळू सांग, बाळ. बाहेर लोक ऐकतायत."

"ऐकू देत," ती म्हणाली. "तुम्ही लिहा."