दरबारच्या वकिलाचा नातू

बहिणीनं माझ्याकडे दिलेला निरोप मी पोचवला नाही, आणि तिकडचं उत्तरही तिला खरं सांगितलं नाही. आमच्या घरात याहून मोठा गुन्हा नव्हता.

आमचे आजोबा कोल्हापूर संस्थानचे वकील होते. कोर्टातले नव्हेत. महाराजांच्या वतीनं इंग्रज रेसिडेंटकडे जायचं, दरबारचं म्हणणं मांडायचं आणि साहेबाचं उत्तर घेऊन यायचं, हे त्यांचं काम. साहेब हसून बोलला म्हणून दरबारची हरकत सौम्य करायची नाही, आणि साहेबाचा नकार गोड करून महाराजांच्या कानावर घालायचा नाही. निरोप सांगून होईपर्यंत ते रेसिडेन्सीत पाणीसुद्धा घेत नसत. "एकदा चहा पोटात गेला की जीभ मऊ पडती," म्हणायचे. एकदा साहेबाचे अपमानाचे शब्द त्यांनी दरबारात जसेच्या तसे सांगितले. मानकरी चिडले, "ह्यो वकील आमचा हाय का साहेबाचा?" पण पुढचा निरोप घेऊन पुन्हा त्यांनाच धाडलं गेलं. ही गोष्ट मी शाळेत छाती फुगवून सांगत असे.

संस्थान विलीन होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. बहीण शिक्षिका होती. नेसरीकडच्या एका घरानं तिला पसंत केलं. वडील नव्हते, आजोबांचं वय झालेलं, म्हणून बोलणी करायला मी निघालो. बहिणीनं मला दारात थांबवलं.

"दादा, लग्नानंतर मी शाळा सोडणार नाही. हे आधी सांग, मग बाकीचं."

"वकिलाचा नातू हाय मी, काळजी करू नको," मी म्हणालो.

तिथं पुढच्या सोप्यात बसवून त्यांनी चहा दिला, पोहे दिले. गप्पा रंगल्या. मग मुलाच्या आईनं विचारलं, "पावणं, पोरगी नोकरी सोडंल न्हवं?"

स्थळ हातचं जाईल अशी मला भीती वाटली. "समजूतदार आहे ती," मी म्हणालो, "बघू की पुढं." घरी येऊन बहिणीला सांगितलं, "त्यांची काही हरकत नाही."

साखरपुड्याचा दिवस ठरवायला त्यांचा माणूस आला आणि उठता उठता म्हणाला, "मुलाच्या आईनं सांगितलंय, तेवढा राजीनामा देऊन ठेवा."  बहीण सरळ आजोबांपुढं जाऊन उभी राहिली.

"आबा, माझे वकील व्हाल?"

ऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी फेटा मागितला. तिचा निरोप ऐकला, एकदा म्हणून दाखवला. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाले, "तू ऱ्हा. एका निरोपाला दोन तोंडं नकोत."

संध्याकाळी एसटीनं परतले. वहाणा न काढताच दारात उभे राहून त्यांनी सांगितलं, "त्यांचं म्हणणं असं. आम्हाला सून पायजे, मास्तरीण न्हाय. राजीनामा द्या, मग बोलू. आणि पुन्हा लबाड माणसाला आमच्या दारात धाडू नका."

आई रडायला लागली. "मामंजी, शेवटचं तेवढं गाळायचं की!"

"गाळलं तर पोरीनं कशावर ठरवायचं?"

बहीण म्हणाली, "राजीनामा देणार नाही. एवढंच सांगा."

"उद्या जातो."

आणि गेले. फेटा बांधून, ताठ मानेनं, एसटी स्टँडकडे. घरातल्या एका पोरीच्या शब्दासाठी ते तितक्याच इतमामानं निघाले होते, जितक्या इतमामानं दरबारच्या शब्दासाठी निघत. आमच्या घराण्याचा एवढा अभिमान मला पूर्वी कधी वाटला नव्हता. त्यात माझा वाटा नव्हता, हेही कळत होतं.

बहीण पुढं मुख्याध्यापिका झाली. लग्नही तिनं स्वतः ठरवून केलं. मी मात्र कितीतरी वर्षं 'तुझ्या भल्यासाठीच', 'गैरसमज झाला' असं काहीबाही पुटपुटत राहिलो. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

आजोबा गेल्यानंतर एका दुपारी मी आजऱ्याला तिच्या घरी गेलो. ती पाणी आणायला उठली, तिला बसवलं आणि म्हणालो, "मी घाबरलो म्हणून तुझा निरोप दिला नाही. आणि तुझ्याशी खोटं बोललो. माझं चुकलं. मला माफ कर."