उपरण्याखालचा भाव

मला इंग्रजी आली ती शाळेत, आणि फ्रेंच-जर्मन आमच्या मळ्यातल्या वांग्यांमुळे. अमरावतीच्या मिशनातले म्हातारे पाद्री मूळचे स्वित्झर्लंडचे. बाबा त्यांच्याकडे भाजी टाकायचे, आणि मोबदल्यात पाद्री मला दोन्ही भाषा शिकवायचे. दोघांनाही वाटायचं की आपण समोरच्याला स्वस्तात गुंडाळलं.

मॅट्रिक झालो आणि माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. पालकाच्या जुड्या बांधता बांधता मी मनात बोटीवरचा कारकून व्हायचो, मग राजदूताचा दुभाषा, आणि पाणी द्यायची वेळ होईस्तोवर तर राजदूतच. गावात मात्र एवढ्या भाषांचा एकच उपयोग माहीत होता. पोलीस हेर म्हणून धरून नेतील, असं गावकरी मला प्रेमाने सांगत.

बाबांनी होळीपर्यंतची मुदत घातली होती. "होळीलोक नौकरी पाह्य. नाई लागली तं मळा हायच."

मळा म्हटलं की मला घाम फुटायचा. अशात पाद्र्यांच्या चिठ्ठीवर अकोल्याच्या एका विलायती कापूस पेढीने मला एका दिवसासाठी बोलावलं. साहेब नवा, फ्रेंच बोलणारा, इंग्रजी त्याला जेमतेम. काम पसंत पडलं तर तो मला दुभाषा म्हणून ठेवणार होता. बाबाही धुतलेलं धोतर नेसून बरोबर आले.

बाजारात कापसाच्या गाड्याच गाड्या. मी साहेबाच्या शेजारी उभा, आणि खरं सांगतो, जमीन पायाला लागत नव्हती. साहेबाचा दलाल एका गाडीवाल्यापाशी गेला. दोघांनी उपरण्याखाली हात घातले, बोटं दाबली, माना हलवल्या. बाजाराची रीतच तशी, भाव तोंडाने काढायचाच नाही. मग दलालाने साहेबाला कळावं म्हणून माझाही हात आत ओढला आणि आकडा माझ्या बोटांवर दाबला.

दुभाष्याचं काम म्हणजे सांगायचं, एवढंच मला ठाऊक. मी छाती भरून तो आकडा फ्रेंचमध्ये जाहीर केला. साहेब डोळे वटारून बघू लागला. मला वाटलं, समजलं नाही. म्हणून जर्मनमध्ये सांगितला. त्याचा चेहरा लालभडक झाला, तेव्हा काही राहून जायला नको म्हणून आणखी मोठ्याने इंग्रजीत.

इंग्रजी पलीकडच्या पेढीच्या कारकुनाला चांगली येत होती. त्याने लगेच आपलं उपरणं पुढे केलं. थोड्या वेळात ती गाडी तिकडे वळली, आणि तिच्यामागे आणखी सहा.

दलालाने कपाळाला हात लावला. "बाप्पा, तुले इतक्या भाषा येतेत, अन् एकीतही चूप राहता येत नाई?"

साहेबाने मला फाटक दाखवलं, फ्रेंचमध्ये. मला शब्द न् शब्द समजला.

बाबा फाटकाशीच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला रडू येत होतं आणि साहेबाच्या लालभडक चेहऱ्याचं हसूही आवरत नव्हतं. बाबा पुढे चालू लागले. मी मागून स्टेशनापर्यंत मळ्यातली सगळी कामं मनातल्या मनात मोजून काढली.

बडनेऱ्याच्या गाडीत शेजारच्या प्रवाशाने सहज विचारलं, पोरगा काय करतो. मी खिडकीबाहेर तोंड केलं.

"तीन मुलखाचं बोलते," बाबा म्हणाले. त्यांनी मला त्या भाषा बोलताना त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं होतं. "सारा बाजार थांबून आयकून राह्यला होता याले. साहेबाले झेपलं नाई."

"मंग आता?"

"आता काय," बाबांनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "दुसरा साहेब पाहू."