ओट्यांचा ठराव आणि माझी यादी

"बायांची यादी म्हणे इंग्रजीत हाय. आपल्या गावात मडम कधी उतरली?"

कचेरीच्या व्हरांड्यात, आमच्या मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं आणि दोघं-तिघं हसले. मी मान वळवली नाही. शेजारी मावशी डबा उघडून भाकरी मोडत होती. तिनंही ऐकलं असणार, पण तिचा हात थांबला नाही. ती मडम मी होते, हे आम्हा दोघींशिवाय तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशी तेव्हा सायखेड्याच्या अलीकडच्या एका लहान गावची सरपंच होती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा सगळे धरून चालले होते की कारभार काका बघतील. काकांना द्राक्षांतून सवड मिळेना आणि मावशीला कारभार आवडायला लागला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी नाशकात, इंदिरानगरला घरी राहून कॉलेजला जायचे आणि सुट्टी लागली की मावशीकडे पळायचे. तिथं मला कुणी 'बोल ना गं' म्हणून टोचत नसे. मी ओसरीवर बसून येणारी-जाणारी माणसं बघत राही आणि त्यातच खूश असे.

एसटीच्या थांब्याजवळ पंचायतीची मोकळी जागा होती. गावातल्या बाया तिथं मेथी, कोथिंबीर, झेंडू घेऊन भर उन्हात बसत. आधीच्या सरपंचांना तिथं दुकानांचे गाळे बांधायचे होते. मावशीला बायांसाठी ओटे हवे होते, वर पत्र्याचं छप्पर. एक मेच्या ग्रामसभेत, शाळेच्या पटांगणात, ओट्यांचा ठराव झाला.

सभेला पुरेशी माणसं होती हे वर दाखवावं लागतं. पुरुषांची हजेरी ग्रामसेवक पुढच्या फाटकाशी घेत होते. बाया मागून, लिंबाखालून येत होत्या. त्यांच्यासाठी मावशीनं दुसरी वही माझ्या हातात दिली. नाव लिहायचं, समोर सही नाहीतर अंगठा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची; मराठी मला बोलता येई, वाचता येई, पण लिहिताना प्रत्येक अक्षरापाशी थबकायला होई. दोन नावं होईस्तोवर सहा बाया मागं उभ्या राहिल्या.

"उरक बाई, मेथी सुकती आमची," त्यातली एक म्हणाली.

तिसऱ्या नावापासून मी इंग्रजीत लिहायला लागले. हात एकदम सुटला. कुणी काही म्हटलं नाही, म्हणून मला वाटलं चालत असेल.

जरा वेळानं एक म्हातारी काठी टेकत आली. तिला खाली बसवेना, म्हणून मी माझी खुर्ची दिली. तिनं पूर्ण नाव सांगितलं, अंगठा उठवला, उरलेली शाई लुगड्याला पुसली आणि काठीनं पुरुषांकडे दाखवलं. गाळेवाला माजी सरपंच तिचाच मुलगा होता. "मी वट्याला हात वर करनार हाय," ती म्हणाली. "कुनी इचारलं तं सांग, म्हातारी आल्ती."

महिन्याभरात त्याच मुलानं वर तक्रार केली. गावातल्या एकाही बाईला इंग्रजी येत नाही, तेव्हा ही यादी नाशकात बसून बनवलेली आहे, सभा खोटी आहे, ठराव रद्द करावा. ठराव जागच्या जागी थांबला. तो राहणार की जाणार, हे आता वरचे साहेब दोन्ही बाजू ऐकून ठरवणार होते. गेला असता तर त्या जागेवर गाळे उठले असते आणि बाया रस्त्याच्या कडेला सरकल्या असत्या. कारण काय, तर माझं कच्चं मराठी.

मावशी मला रागावली नाही. "तू लिवलं नसतं तं कोन लिवनार व्हतं?" एवढंच म्हणाली. कचेरीत मी नुसतं बरोबर यायचं, बोलायचं ती बघणार होती. म्हातारीचं मात्र मी तिलाही सांगितलं नव्हतं. कुणाच्या घरातली गोष्ट, आपण कशाला पसरवायची? शिवाय मला अजून कुणी विचारलंच नव्हतं.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा साहेब वही चाळत होते. माजी सरपंच हात जोडून, चांगलं बोलले. त्यांच्याही हातात यादीची प्रत होती, पण त्यांना ती वाचता येत नव्हती हे मी पाहिलं. पानं ते नुसती उलटत होते.

"आमच्याकडे बाया सभेला येतच नाहीत साहेब," ते म्हणाले. "माझ्याच घरचं सांगतो. त्या दिवशी एक बाई उंबऱ्याभाईर पडली नाय."

साहेबांनी मावशीला विचारलं, यादी कुणी लिहिली. ग्रामसेवकाचंही न ऐकणारी मावशी पहिल्यांदाच अडखळली. लिहिली एकीनं, म्हणाली. तिला माझं नाव त्यात ओढायचं नव्हतं. ती हजर आहे का, साहेबांनी विचारलं. मावशीनं माझ्याकडे न बघता पदर सारखा केला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

मी उठले. टेबलापर्यंत चार पावलं होती. वही साहेबांच्या पुढ्यात उघडीच होती. मी पान उलटलं, वरून खाली बोट फिरवत आणलं आणि तेविसाव्या ओळीवर ठेवलं.

"साहेब, हे अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "बायका सांगत गेल्या, मी लिहीत गेले. तेवीस नंबरला यांच्या आई आहेत. त्यांनी सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर सांग, म्हातारी आली होती."