म्हशीला घातलेली ज्वारी

ज्वारीच्या भाकरीपासून लांब पळण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. भातकुलीच्या पुढे आमचं गाव. घरात सकाळी भाकर, संध्याकाळी ज्वारीच्या कण्या, आणि पाहुणा आला तर त्याच्यापुरत्या गव्हाच्या पोळ्या. पाहुणा गेला की उरलेल्या पोळीवरून माझी आणि मोठ्या भावाची मारामारी व्हायची. तेव्हाच मी ठरवलं होतं की माझ्या घरात भाकर थापली जाणार नाही.

शब्द पाळला. सायकलला पत्र्याचा डबा बांधून अमरावतीच्या गल्ल्यांत बिस्किटं विकली. मग टपरी झाली, मग दुकान, आणि आता पाकिटबंद मालाची एजन्सी आहे. नूडल्स, चिप्स, खारी, शेव, रंगीत सरबतं. कंपनीचा माणूस स्कीम सांगायला आला की मी त्याला आधी उभा ठेवतो, मग बसवतो, मग चहा पाजतो, आणि त्याचा कप रिकामा होईपर्यंत दहा पेट्यांवर एक फुकट पदरात पाडून घेतो. फुकटची पेटी घरी जायची. त्यामुळे आमच्याकडे सकाळी खारी, दुपारी फरसाण आणि संध्याकाळी नूडल्स असा थाट होता. ज्या पोळीसाठी मारामारी केली तीसुद्धा मागे पडली. याला मी प्रगती समजत होतो.

भाऊ गावातच राहिला. दर वर्षी ज्वारी निघाली की तो एक पोतं माझ्याकडे धाडायचा. मी ते दूधवाल्याला देऊन टाकायचो, आणि त्या बदल्यात वर्षभर त्याने दुधाचा भाव वाढवायचा नाही असा करार. ज्वारी त्याची म्हैस खायची. यात कोणाचं नुकसान नव्हतं.

भावावर माझा राग आहे. माझ्या मुलीच्या लग्नात मी बावीस पदार्थ ठेवले होते. हा माणूस व्याह्यांच्या शेजारी बसला, पिशवीतून फडकं काढलं, गाठ सोडली आणि भाकर अन् जवसाची चटणी खाऊ लागला. व्याह्यांनी मला विचारलं, "हे कोण?" मी म्हणालो, "गावाकडचे आहेत." भावाने ते ऐकलं आणि नुसता हसला. त्या हसण्यानंतर सात वर्षं मी त्याच्या घरचं पाणी प्यायलो नाही.

मग माझी शुगर निघाली. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काका, तीन महिने देतो. आकडा उतरला नाही तर इन्सुलिनचं इंजेक्शन, रोज." मला सुईची भीती नाही, सुईनंतर जे येतं त्याची आहे. माझ्या समोरच्या स्टेशनरीवाल्याची पायाची दोन बोटं शुगरने गेली. तो पाय स्टुलावर ठेवून बसतो आणि गल्ल्यावरून मला दिवसभर तेवढंच दिसतं.

"पाकिटातलं सगळं बंद," डॉक्टर म्हणाला. "ज्वारी, डाळी, पालेभाज्या. घरी शिजवलेलं."

"दिवसाला सहा बिस्किटं तरी?"

"एकही नाही."

"बरं, चार. मोडून दोन वेळा."

"काका, मी भाजीवाला नाही."

मी उठून निघालो. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याशी पहिल्या भावावर अडून बसलं होतं.

पण आपण व्यापारी माणूस. अकोल्याला आरोग्यदायी खाण्याचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे गेलो. मोठा मंडप. ज्वारीची बिस्किटं, नाचणीच्या नूडल्स, बिनसाखरेचा केक, सात धान्यांची खारी. प्रत्येक पाकिटावर डोलणारं कणीस, आणि त्यामागे हसणारी म्हातारी, जिच्या तोंडात सगळे दात होते. विक्रेत्या मुली इतक्या हडकुळ्या की त्यांना पाहूनच माणसाचा विश्वास बसावा. मी तासभर घासाघीस केली, दोनदा उठून चालायला लागलो, दोन्ही वेळा मला हाका मारून परत बोलावलं, आणि शेवटी चार पेट्या निम्म्या भावात उचलल्या. परतीच्या गाडीत मी डॉक्टरला हरवल्याच्या आनंदात सात धान्यांचं अर्धं पाकीट संपवलं.

दीड महिना तेच खाल्लं, आणि आरोग्याचं आहे म्हणून जरा जास्तच. तपासणी केली तर आकडा वर गेलेला. डॉक्टरने पाकिटं मागवली. मी टेबलावर ती दर्शनी बाजूने मांडली, दुकानात मांडतो तशी. त्याने एकेक उचलून उलटं केलं आणि वाचायला लागला. आधी मैदा. मग पामतेल. मग साखरेचा पाक, दुसऱ्याच कुठल्या नावाने. ज्वारी शेवटून तिसरी, मिठाच्या थोडी वर.

"काका, तुम्ही इतकी वर्षं पाकिटं विकता. मागची बाजू कधी वाचली नाही?"

वाचली होती की. भाव, स्कीम आणि मुदत संपायची तारीख. आत काय आहे ते वाचायचं काम गिऱ्हाइकाचं, आणि गिऱ्हाईकही माझ्यासारखंच निघालं तर कंपनीचं बरंच चालतं. बाजारात धान्य घेताना आम्ही पोत्यात हात घालतो, दोन दाणे दाताखाली फोडतो, मगच भाव बोलतो. पाकिटात हात घालता येत नाही म्हणून मी सरळ भावच बोलत आलो होतो.

उरला दीड महिना. त्याच दिवशी धान्याच्या दुकानात ज्वारीचा भाव विचारला तर ती गव्हापेक्षा महाग. ज्या धान्यामुळे आम्हाला गरीब म्हणत, ते आता श्रीमंतांनी खायचं ठरवलं होतं. माझं डोकं फिरलं. गव्हापेक्षा एक पैसा जास्त देणार नाही म्हणालो आणि तडक दूधवाल्याकडे गेलो.

"यंदाची ज्वारी असंल ना थोडी?"

"हाये दोन पायल्या. पन शेठ, तिले सवय पडली," तो म्हशीकडे पाहत म्हणाला. "ज्वारी खाऊन राहिली तवापासून तिले डॉक्टर लागला नाही."

म्हैस माझ्याकडे बघत रवंथ करत होती. तिची तब्येत खरोखरच चांगली होती.

रविवारी गावी गेलो. भाऊ ओसरीवर दोर वळत बसला होता, वहिनी चुलीपाशी.

"बसा भाऊजी," वहिनी म्हणाली. "आज इकडे कुठी?"

"ज्वारी पाहिजे होती. काय भाव लावता?"

भावाने दोराला आणखी एक पीळ दिला. वहिनी बोलली, "म्हशीले ज्या भावानं घातली, त्याच भावानं घ्या."

दूधवाल्याची सासुरवाडी आमच्याच गावची, हे मी करार करताना लक्षात घेतलं नव्हतं. माणूस चुकीत सापडला की आवाज चढवतो. मीही चढवला, भावावर.

"मंग तू माह्या पोरीच्या लग्नात भाकर काहून खाल्ली? बावीस पदार्थ सोडून?"

"मले शुगर हाये," भाऊ दोरावरची नजर न काढता म्हणाला. "तवा नवीनच निघाली व्हती. व्याह्यापुढं सांगत बसू का?"

"मले त सांगायचं."

"तुले? तू डॉक्टरचाच भाव पाडला असता."

मी ओसरीच्या कडेला टेकलो.

"आपल्या घरात हाये ते," तो म्हणाला. "बापाले व्हती, मले हाये. तुले होईनच. म्हनून तर दर साली पोतं धाडून राहिलो व्हतो."

वहिनीने ताट वाढलं. भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, कांदा. सात वर्षांचा राग होता, पण भूकही होती. दोन भाकरी कधी संपल्या कळलं नाही. तिसरी मागितली तर वहिनीने तवा खाली उतरवला.

"दोनच. तुमच्या भावालेबी दोनच."

"अर्धी?"

"भाऊजी, उठा आता."

निघताना मी म्हणालो, पोतं गाडीत टाकतो, पैसे रोख. भाऊ आत गेला आणि कापडी पिशवीत मोजून ज्वारी घेऊन आला. एका आठवड्याची.

"एवढीच?"

"पोतं देलं त तू कोनाले देशील, काय भरोसा? पिशवी संपली का येजो. रिकामी घेऊन."

मी पंधरा दिवसांची मागितली. मग दहा दिवसांची. पेट्रोलचा खर्च समजावून सांगितला. भाऊ दोर वळत राहिला. पैसे तर त्याने हातातही घेतले नाहीत, म्हणजे घासाघिशीला धरायलाच जागा ठेवली नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी रिकामी पिशवी घेऊन गावी जातो. बायको भाकर थापायला विसरली होती. पहिल्या चार तुटल्या, आता टम्म फुगतात. डॉक्टरने दिलेली मुदत संपली तेव्हा आकडा उतरला होता. डॉक्टर म्हणाला, इंजेक्शन सध्या नको, पण हे मोडायचं नाही. मी म्हणालो, महिन्यातून एक खारी. त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली.

पाकिटं मी आजही विकतो. पोट त्यावर आहे. कोणी विचारलं तर मागची बाजू वाचून दाखवतो, आजवर दोघांनी विचारलं. दुपारी गल्ल्यामागे डबा उघडतो तेव्हा गिऱ्हाईक आधी भाकरीकडे बघतं आणि मग माझ्याकडे. मी पाठ करून बसतो.

समोरचा स्टेशनरीवाला मात्र सगळं बघत होता. एक दिवस स्टुलावरचा पाय खाली घेऊन, काठी टेकत रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "शेठ, मलेबी आणता का थोडी?" डॉक्टरने त्यालाही भाकरच सांगितली होती.

त्या रविवारी मी भावाला म्हणालो, या वेळी पिशवी थोडी वर भर. तो थांबला.

"कोनासाठी?"

"समोरच्या दुकानदारासाठी. त्याची बोटं गेली."

भावाने पिशवीचं तोंड मुठीत धरलं. "म्हैस त नाही ना त्याच्यापाशी?"

मी नाही म्हणालो. त्याने पिशवी काठोकाठ भरली, मग दुसरी काढली आणि तीही भरली. त्याने तेव्हाच, लग्नाच्या मांडवात, मला बाजूला घेऊन शुगरचं सांगायला हवं होतं. तो राग मी अजून सोडलेला नाही.