इब्रातला सागवानी दरवाजा

आखातातल्या इब्रा गावात खजुराच्या बागेतली एका व्यापारी घराण्याची जुनी हवेली दुरुस्त होत होती. मी साइट इंजिनियर म्हणून एकच दिवस गेलो होतो. तिथे कोकणातला एक सुतार दरवाजाच्या फळीवर रंधा मारत होता. दर खेपेला थांबून तो निघालेली ढलपी नाकाशी धरायचा.

"आपल्याकडचा सागवान. गलबतातनं आलेला," तो म्हणाला. "इतक्या पिढ्या झाल्या, वास गेला नाही."

मी सुट्टीवर गावी निघालोय हे कळताच त्याने ढलप्यांची पुडी बांधून दिली. "तिकडच्या मातीत टाका. आमच्यातला एक तरी परत जाऊ दे."

त्या वर्षी माझी सुट्टी रद्द झाली, पुढच्या वर्षीही. पुडी इकडेच, अल् घुब्राच्या माझ्या फ्लॅटमध्ये कपाटात आहे. ऑफिसला निघताना मी ती नाकाशी धरतो आणि मगच कपाटातला शर्ट बाहेर काढतो.