फोटोत आलेला गोधडीचा काठ

माझी सून अंगणवाडीत मदतनीस आहे. लेक ट्रकवर असतो. वारंगा फाट्यावरून निघाला की परतायचा नेम नाही. घर सुनेच्या पगारावर चालतं.

अंगणवाडीतल्या लेकरांच्या खाऊची पोती गावच्या पुढाऱ्याच्या म्हशी खात होत्या. सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. सुनेनं फोटो काढला आणि जिल्ह्याच्या बातम्या देणाऱ्या इंटरनेटवरच्या एका पानावर खोट्या नावानं टाकला. त्याआधी फोनवर प्रॉक्सी बसवली. मी चौथी शिकलेली. तिनं मला समजावलं, की प्रॉक्सी म्हणजे चिठ्ठी परगावच्या माणसाच्या हातानं पाठवण्यासारखं. घेणाऱ्याला तो माणूस दिसतो, आपलं घर दिसत नाही.

"बराबर चालू होती ना ती?" मी विचारलं.

"व्हय, आत्याबाई. फोन परदेशातला दाखवून राहिला होता."

दुपारी तो फोटो गावातल्या फोनाफोनावर फिरला. पुढारी पारावर उभा राहून ओरडला, "ज्यानं हे केलं त्याला गावात राहू देणार न्हाई." फोटो कुठल्या फोनवरून आला ते त्यानं शहरातल्या जाणत्या माणसाला शोधायला सांगितलं. त्या माणसाला काही सापडलं नाही. सून हसली. मी चष्मा लावून फोटो पाहिला. म्हैस, गव्हाण, फाडलेलं पोतं, आणि खाली कोपऱ्यात हिरवा काठ, त्यावर दुहेरी टाका. माझ्या हातची गोधडी.

"ही पांघरून गेलतीस?"

"थंडी होती. फोन आत लपवला होता." तिचं तोंड उतरलं. "काढून टाकू का फोटो?"

"गावभर गेला. आता काय काढतीस?"

पुरुषांना गोधडी म्हणजे नुसतं पांघरूण. बायका टाक्यावरून माणूस ओळखतात. मी गोधडी घेऊन अंगणात बसले आणि काठ उसवायला लागले. अर्धा उसवला तोच पुढाऱ्याची आई फाटकातून आत आली. आम्ही दोघी एकाच साली या गावात नांदायला आलो, एकाच ओट्यावर गोधड्या शिवल्या.

"ऐन थंडीत गोधडी काहून उसवून राहिलीस? येडी झालीस का?"

"कापड इरलं."

तिनं काठ हातात घेतला, अंगठ्यानं चाचपला. कापड चांगलं धडधाकट होतं. सून दारात उभी होती, तिला आत जाता येईना की बाहेर येता येईना.

"पोरगं म्हणलं, बायकांत कुणाला काही ठाऊक हाय का बघून ये," ती म्हणाली. "घरी जाऊन काय सांगू?"

हातापाया पडायची माझी सवय नाही. "तुला दिसलं ते सांग," मी म्हणाले.

"तुझी जीभ मरेपर्यंत अशीच राहणार." तिनं काठ खाली टाकला. सुनेकडं एकदा पाहिलं. "लेकरं उपाशी अन् म्हशी माजल्या. घरात बोलले तर म्हातारीला कळत न्हाई म्हणतात." आणि गेली.

मी आणि सून दिवसभर फाटकाकडं कान लावून होतो. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी पोती अंगणवाडीत उतरली. पुढारी अजून फोनवाल्याला शोधतो आहे.

सून म्हणाली, "आत्याबाई, पुढाऱ्याच्या आईच्या पाया पडून येऊ का?"

"गप काम कर," मी म्हणाले. "पाया पडलीस की कबूल केलंस."